संगीताची नेट आणि न वाजलेला स्वर : विद्यापीठ अनुदान आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

संगीत या विषयाची नेट, म्हणजे महाविद्यालयात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला तोंड उघडावं लागत नाही. वाद्याला हात लावावा लागत नाही. इतकंच काय, कानही लागत नाहीत. समोर संगणक, १५० प्रश्न, तीन तास, ३०० गुण. पहिल्या पेपरचे ५० प्रश्न सगळ्या विषयांना सामाईक, दुसऱ्याचे १०० संगीताचे. हिंदुस्थानी गाणारा, कर्नाटक पद्धतीचा, तबला-मृदंगवाला आणि रवींद्रसंगीतवाला असे सगळे एकाच 'संगीत' विषयाला बसतात आणि चारांतल्या एका पर्यायावर टिचकी मारतात. त्या तीन तासांत एकही स्वर वाजत नाही. मग त्या गुणांवर आपण एखाद्याला महाविद्यालयात संगीत शिकवायला पात्र ठरवतो.

मी गायन शिकवते. माझ्याकडच्या मुली दर वर्षी या परीक्षेची तयारी करतात, त्यांच्या वह्या मी पाहते. पेपर अवघड आहे की सोपा, हा माझा मुद्दाच नाही. हा पेपर ज्याला ज्ञान म्हणतो ते ज्ञानाचं फक्त एक टोक आहे, आणि दुसऱ्या टोकाबद्दल आयोगाने कधी विचार केलाय असं दिसत नाही, म्हणून हे पत्र.

वहीतलाच एक प्रश्न घ्या. 'भूप रागाचा थाट कोणता?' (थाट म्हणजे सात स्वरांचा साचा; रागांची वाटणी अशा साच्यांत करतात.) उत्तर : कल्याण. दोन गुण. आता भूपात स्वर कोणते? सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. कल्याण थाटाची ओळख काय? तीव्र मध्यम. म्हणजे ज्या स्वरावरून थाट ओळखायचा तोच स्वर या रागात नाही. शेजारी देशकार ठेवा. त्यातही नेमके हेच पाच स्वर, पण त्याचा थाट बिलावल. कागदावरच्या स्वरांकडे जन्मभर टक लावून पाहिलं तरी एकाला कल्याण आणि दुसऱ्याला बिलावल का म्हणायचं ते कळणार नाही. रागांची ही थाटांत वाटणी करणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना ते कळलं, कारण त्यांनी दोन्ही राग ऐकले होते. भूपाची चाल कल्याणाच्या अंगाने जाते आणि देशकार बिलावलाच्या अंगाने, असा तो कानाने दिलेला निवाडा होता. तुमच्या उत्तरतालिकेत त्या निवाड्याचं दोन गुणांचं तथ्य झालं आणि कान गळून गेला.

पुढचा प्रश्न वादी-संवादीचा, म्हणजे रागातल्या सर्वांत महत्त्वाच्या आणि त्याखालोखालच्या स्वराचा असतो. भूपाचा वादी गंधार (ग), संवादी धैवत (ध); देशकारात नेमकं उलट. हे वाक्य खरं आहे, उपयोगाचंही आहे, मी स्वतः वर्गात सांगते. पण ते पाठ असलेली मुलगी भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळली, तिथून पंचमावर विशिष्ट तऱ्हेने उतरली, की संध्याकाळच्या भूपात सकाळचा देशकार डोकावतो. 'जरा जास्त' म्हणजे किती? 'विशिष्ट तऱ्हेने' म्हणजे कशी? इथे माझं वाक्य संपतं आणि मला गाऊन दाखवावं लागतं. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचीही हीच कथा : सहाच्या सहा स्वर सारखे, पंचम तिघांतही नाही, आणि तरी ऐकणाऱ्याला पहिल्या दोन-तीन स्वरांत कळतं की समोर कोण आहे. (मारव्यात कोमल रिषभ वादी आणि शुद्ध धैवत संवादी सांगतात. वादी-संवादीत षड्ज-पंचमाचं किंवा षड्ज-मध्यमाचं नातं हवं हा नियम तिथे सरळ मोडतो. नियम मोडला म्हणून मारव्याचं काही बिघडलेलं नाही.)

आता दरबारी कानडा. वहीतली माहिती अशी : थाट आसावरी, गंधार-धैवत-निषाद कोमल, वादी रिषभ, संवादी पंचम, समय मध्यरात्र, गंधार अतिकोमल व आंदोलित. यातलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे. माझी एक विद्यार्थिनी हे सगळं झोपेतही सांगू शकली असती. वर्गात तिने गंधार घेतला. मी म्हटलं, नाही. "मॅडम, अजून खाली घेऊ का?" खाली नको. "मग सावकाश?" सावकाशच आहे. "मग मध्यम जास्त लागतोय का?" तिला माझ्याकडून एक वाक्य हवं होतं, ते मिळालं की गंधार मिळेल अशी तिची समजूत होती. दोष तिचा नाही, आपण सगळ्यांनी तिला तसंच शिकवलंय. मी पुन्हा गायले. तिने मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप लावलं आणि माझ्या गंधारासमोर धरलं. काटा एका जागी थांबेना, कारण तो गंधार थांबतच नाही. मग तिने काट्यासारखाच मोजून मापून हलणारा गंधार घेतला. तो आणखी वाईट होता.

शेवटी मी म्हटलं, "गंधार घेऊच नकोस. रिषभावर बस. गंधार आपण होऊन येऊ दे." आणि बऱ्याच खटपटीनंतर एकदा तो लागला. मी 'हं' म्हटलं. दोघींनाही कळलं.

मी काय बोलले ते बघा. 'गंधार घेऊ नकोस' हे विधान म्हणून चक्क खोटं आहे, गंधार तर घ्यायचाच होता. 'आपण होऊन येऊ दे' याला खरं किंवा खोटं म्हणताच येत नाही. आमची तालीम असल्याच वाक्यांनी भरलेली असते. 'आवाज मागे ठेव', 'स्वराला दुखवू नकोस', 'इथे श्वास विसर', 'सम दाखव पण आपटू नकोस'. या वाक्यांचं बळ शेजारी चाललेल्या आवाजात असतं. आवाज काढून घ्या, ती छापा, आणि त्यांचं काहीही उरत नाही. म्हणजे शिकवताना भाषा लागत नाही असं मुळीच नाही, आम्ही दिवसभर बोलतच असतो. फक्त त्या बोलण्यातलं फारच थोडं 'विधान (अ) सत्य, कारण (क) सत्य, पण क हे अ चं स्पष्टीकरण नाही' अशा चौकटीत मावतं. नेटच्या प्रश्नपत्रिकेत हा विधान-कारणांचा प्रकार हटकून असतो.

मोजमाप अधिक बारीक केलं तर अडचण सुटेल, असं वाटणारे लोकही होऊन गेले, आणि ते काही ऐरेगैरे नव्हते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी २२ श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांची, नेमकी गणितं मांडायचा ध्यास घेतला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची त्यांनी त्या कामी मदत घेतली, १९१० साली त्यावर पुस्तक लिहिलं. क्लेमंट्स नावाच्या सनदी अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटीही निघाली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या श्रुतींवरून वाद रंगला. पुढे १९६३ साली नझीर जैराझभॉय आणि स्टोन यांनी ध्वनिमुद्रणांवरून प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा आढळलं की स्वरांच्या जागा गायकागणिक बदलतात आणि एकाच कलाकाराच्या एकाच गाण्यातही त्या अगदी ठाम नसतात. देवलांची मेहनत वाया गेली असं मला वाटत नाही. त्यांच्यामुळेच आपल्याला प्रश्न कळला. पण आकडा कितीही दशांश स्थळांपर्यंत नेला तरी गाणारा तो आकडा पाळत नाही. तो स्वर लावतो, आणि मागाहून आकडा निघतो.

तंबोऱ्याचं उदाहरण मला याहून जवळचं आहे, मिरजेत राहत असल्यामुळे असेल. तंबोऱ्याला चार तारा : पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज. यांत गंधाराची तार नाही. तरीही नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कारण सरळ आहे : खर्जाच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनसंख्येचा अंश त्या तारेच्या आवाजातच असतो. पेटीवरचा गंधार त्याहून किंचित चढा असतो, म्हणून पेटीवर गंधार शिकलेलीला तो आधी ओळखूच येत नाही. ही सगळी माहिती मी पहिल्याच तासाला देते. मुली ती लिहून घेतात, वाक्याचा अर्थ त्यांना पूर्ण कळतो, विचारलं तर पाचपटीचं गणितही मांडून दाखवतात. गंधार ऐकू येतो काही महिन्यांनी, कुणाला त्याहून उशिरा. मधल्या काळात त्या मुलीला 'तंबोऱ्यात गंधार असतो' हे माहीत होतं की नव्हतं? तुमचा पेपर म्हणेल, होतं. दोन गुण. ज्या दिवशी ऐकू येतो त्या दिवशी तिच्या वहीत एकही नवं वाक्य वाढत नाही, आणि त्या दिवसापासून तिचं गाणं बदलतं. जे वाढलं ते काय, याचं उत्तर मला आयोगाकडून हवं आहे.

मिरजेतल्या तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांचंही असंच. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची जवारी, म्हणजे तिचा वक्र पृष्ठभाग, घासताना आणि तारेखालचा दोरा सरकवताना कारागिराला विचारा, कोन किती ठेवलात? तो तार छेडतो आणि कान देतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीवर लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्यांचा स्थिरबिंदू येतो ते वरचे स्वरांश त्या आवाजात नसावेत, असा तारांच्या कंपनाचा प्रस्थापित नियम. आपल्या वाद्यांत ते स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याचं कारण घोडीच्या पसरट, वक्र पृष्ठभागात आहे, असं त्यांनी दाखवलं. रामन यांचं विधान उत्तम आहे. पण ते लिहिलं जाण्याच्या कितीतरी आधीपासून माणसं त्या घोड्या घडवत होती, आणि आजही तो लेख वाचून कुणी जवारी काढायला शिकत नाही.

ही काही माझी नवी कुरकुर नव्हे. दंडीने काव्यादर्शात म्हणून ठेवलंय की ऊस, दूध आणि गूळ यांच्या गोडीत मोठा फरक आहे, पण तो सांगणं सरस्वतीलाही शक्य नाही. सरस्वती म्हणजे खुद्द वाणीच, तिलाही नाही. विसाव्या शतकातला तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनस्टाइन याने तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या : माँ ब्लाँ पर्वत किती फूट उंच आहे, 'खेळ' हा शब्द कसा वापरतात, आणि क्लॅरिनेटचा आवाज कसा असतो. एखादी गोष्ट माहीत आहे पण सांगता येत नाही, याचं ज्याला नवल वाटतं त्याच्या डोळ्यापुढे पहिल्यासारखं उदाहरण असतं, तिसऱ्यासारखं नसतं, असं त्याचं म्हणणं. तो स्वतः क्लॅरिनेट वाजवायचा. तुमच्या पेपरातले शंभरच्या शंभर प्रश्न माँ ब्लाँच्या उंचीचे आहेत, आणि विषय क्लॅरिनेट आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती मला टाळता येणार नाही. 'संगीत शब्दातीत आहे' हे वाक्य आमच्या क्षेत्रात फार सोयीने वापरलं गेलं. सांगता येत नाही म्हणत शिकवलंच नाही, बंदिशी दडवल्या, अर्धी अस्थाई देऊन अंतरा राखून ठेवला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकांचे सहा भाग छापले, दोघांनी आपापल्या स्वरलिप्या बनवल्या, ते या दडवादडवीला दिलेलं उत्तर होतं. खानदान नाही, घराणं नाही अशा साध्या घरातल्या मुली गाऊ लागल्या त्यात या छापील पुस्तकांचा वाटा आहे, आणि मी त्यांतलीच एक. म्हणून लेखी ज्ञानाला नाक मुरडणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. शब्दातीताच्या गप्पा मारणाऱ्या बुवांपेक्षा मला वादी-संवादी पाठ असलेली मुलगी केव्हाही चालेल.

पण भातखंड्यांनी काय केलं तेही नीट पाहा. स्वराखाली आडवी रेघ दिली की कोमल, मध्यमावर उभी रेघ दिली की तीव्र, वर बारीक अक्षर काढलं की कण, कमान काढली की मींड. दरबारीच्या गंधाराचा झोका किती संथ, याला चिन्ह नाही. ते त्यांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग त्यांनी मराठीत लिहिले ते गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. पेशाने वकील असलेला माणूस, कलमं आणि पोटकलमं पाडून लिहिणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी शिष्याला शंका काढू दिल्या, गुरूला 'काही गायक असं गातात, काही तसं' म्हणू दिलं. त्या पुस्तकांतून निघालेल्या तुमच्या प्रश्नांत 'काही गायक' राहिलेले नाहीत.

वस्तुनिष्ठ परीक्षा का आणली हेही मला समजतं. पूर्वी नेटला तिसरा पेपरही असायचा, तो वर्णनात्मक होता, २०१२ पासून तोही पर्यायी उत्तरांचा झाला. कारण उघड आहे. प्रात्यक्षिकाला परीक्षक लागतात, आणि परीक्षक म्हटलं की वशिला, घराण्यांची भांडणं, 'आमच्या गुरुजींची शिष्या' हे सगळं आलं. विधानाचा मोठा गुण असा की ते कुणीही तपासू शकतं, आव्हान देऊ शकतं, कोर्टात नेऊ शकतं. माझं 'हं' कोर्टात नेता येत नाही. ज्या मुलीच्या मागे कुणी नाही तिला यंत्राने तपासलेली उत्तरपत्रिका न्याय देते, हे खरं आहे आणि मी ते हलकं मानत नाही. मात्र तपासायला सोपं तेवढंच ज्ञान, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आपण तो काढून बसलो आहोत.

तुमच्याच २०१८ च्या विनियमांत संगीत-नृत्यासाठी दुसरी वाट आहे. नामवंत गुरूकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनचा 'ए' श्रेणीचा, पदवीधर कलाकार नेटशिवाय सहायक प्राध्यापक होऊ शकतो. चांगली तरतूद आहे. पण तिच्यात अट अशी की त्याला विषय तर्कशुद्धपणे समजावून सांगता आला पाहिजे आणि शास्त्र सोदाहरण शिकवता आलं पाहिजे. ही अट योग्यच. फक्त मग उलटी अट कुठे आहे? गाणाऱ्याने समजावून दाखवायचं, आणि समजावणाऱ्याने गाऊन दाखवायचं नाही? एमएला प्रात्यक्षिक झालेलंच असतं, असं कुणी म्हणेल. एमएला लेखी पेपरही झालेले असतात, ते तुम्ही पुन्हा तपासताच ना.

मागणं फार मोठं नाही. परीक्षा संगणकावर आहे, तिथे हेडफोन जोडता येतो. अर्ध्या मिनिटाचा आलाप ऐकवा आणि विचारा, भूप की देशकार. ताल ऐकवा, सम कुठे ते विचारा. दोन तंबोरे ऐकवा, कुठला उतरलाय ते विचारा. हीही शेवटी पर्यायी उत्तरंच, यंत्रच तपासेल, कोर्टातही टिकतील. एवढ्याने गाणं तपासलं जाणार नाही, पण निदान कान खोलीत येईल. थाट, वादी, समय यांचे प्रश्न ठेवायचे तर 'भातखंडे यांच्या मते' एवढे शब्द प्रश्नात घाला, म्हणजे ते एका माणसाचं म्हणणं आहे हे मुलांना कळेल.

याखेरीज, लेखी उत्तीर्ण झालेल्यांसाठी प्रात्यक्षिकाची पात्रता ठेवा. गुण देऊ नका, फक्त पात्र किंवा अपात्र. उमेदवार पडद्याआड, परीक्षक तीन आणि वेगवेगळ्या प्रांतांतले, ध्वनिमुद्रण जपून ठेवलेलं; तक्रार आली तर दुसऱ्या तिघांनी तेच ध्वनिमुद्रण ऐकायचं. एक विनंती मात्र आवर्जून : परीक्षकांच्या तक्त्यात 'सुरेलपणा १०, लय १०, रागशुद्धता १०' असले रकाने पाडू नका. मी तसे तक्ते भरले आहेत. आम्ही आधी ऐकतो, मनात ठरवतो, आणि नंतर बेरीज जुळेल असे आकडे रकान्यांत टाकतो. सगळे परीक्षक हेच करतात आणि कुणी बोलत नाही.

पुढच्या अभ्यासक्रमात 'विद्यार्थी दरबारी कानड्याची वैशिष्ट्ये सांगू शकेल' अशा थाटाची अध्ययन निष्पत्ती लिहाल, तेव्हा तिच्याखाली आणखी एक ओळ घाला : 'विद्यार्थ्याचा गंधार लागेल.' तपासायचा कसा हे समितीला विचारावंसं वाटलं, तर समितीवर एक गाणारा माणूस घ्या.

कळावे,
आपली विश्वासू,
एक संगीतशिक्षिका, मिरज